न बोलणारे सभासद

वाचनालयाचें कार्यकारी मंडळ असो, स्त्रियांचें साप्ताहिक मंडळ असो, किंवा एकाच इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांची गृहरचना-संस्था असो. तेथील सभेचें चित्र बहुधा एकाच तऱ्हेचें असतें. पंचवीस-तीस सभासद जमतात, अध्यक्ष विषय मांडतात, आणि मग तीन-चार ठराविक मंडळी आळीपाळीनें बोलूं लागतात. बाकीचे ऐकतात, मधून मधून मान हलवितात, छताच्या पंख्याकडे पाहतात. शेवटीं “कोणाला कांहीं सांगावयाचें आहे काय ?” असा प्रश्न येतो; क्षणभर शांतता पसरते; आणि ठराव एकमतानें संमत झाल्याची नोंद इतिवृत्तांत होते. सभा विसर्जित होऊन मंडळी जिना उतरूं लागतात, आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर दुसरी सभा सुरू होते. सभागृहांत ज्यानें अवाक्षर काढलें नाहीं तो तेथें सांगतो कीं, पाण्याच्या टाकीचा खर्च अंदाजाच्या दुप्पट होणार, कारण मागल्या खेपेस असेंच झालें होतें. जी तासभर गप्प होती ती शेजारणीस म्हणते कीं, सभेची वेळ दुपारची ठेवली तर शाळेंतून मुलांना आणणाऱ्या बायकांनीं यावें कसें ? हे आक्षेप खरे असतात, उपयोगाचेहि असतात. परंतु ठराव होऊन गेलेला असतो.

या मौनाचें स्पष्टीकरण नेहमीं दोन वाक्यांत उरकण्यांत येतें. एक, ‘त्यांचा स्वभावच भिडस्त’. आणि दुसरें, ‘त्यांना कांहीं म्हणावयाचेंच नसेल’. जिन्यावरची सभा दुसरें स्पष्टीकरण तेथल्या तेथें खोटें पाडते. पहिलें मात्र पटण्याजोगें वाटतें, आणि भीड ही भिकेची बहीण असें बजावून न बोलणाऱ्याच्याच पदरीं दोष टाकण्याची चालहि जुनी आहे. पण भीड हा केवळ माणसाचा स्वभाव आहे, कीं तो ज्या सभेंत बसतो त्या सभेचाहि तो गुण आहे ? या प्रश्नाचा उलगडा करण्यास एका जगप्रसिद्ध भिडस्त माणसाचें उदाहरण फार उपयोगी पडतें. तो माणूस म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. कोट्यवधि मुक्या लोकांना ज्यांनीं बोलतें केलें, ते स्वतः तारुण्यांत कमालीचे अबोल होते. आणि त्या अबोलपणाची हकीकत त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत आडपडदा न ठेवतां सांगितली आहे.

बॅरिस्टर होण्यासाठीं गांधी १८८८ सालीं लंडनला गेले. तेथील शाकाहारी मंडळाचे ते सभासद झाले आणि लवकरच त्यांची कार्यकारी समितीवर निवड झाली. समितीच्या प्रत्येक सभेला ते हजर असत; मात्र तोंड उघडण्याचें धैर्य त्यांना होत नसे. इतर सर्व सभासद आपल्यापेक्षां अधिक जाणते आहेत असें त्यांना वाटे. कधीं मनाचा हिय्या करून बोलावयाचें ठरवीत, तों चर्चा पुढें सरकून नवाच विषय निघालेला असे. भिडस्त माणसाची ही अडचण ज्यानें सभा जवळून पाहिली आहे त्याला चटकन् ओळखूं येईल. धीट माणूस बोलतां बोलतां विचार करतो. भिडस्त माणूस आधीं विचार करतो, मग वाक्य जुळवितो, मग धैर्य गोळा करतो, आणि तेवढ्या अवकाशांत सभा पुढच्या विषयावर गेलेली असते. मंडळाच्या साप्ताहिकाचे संपादक डॉ. जोशाया ओल्डफील्ड हे गांधींचे स्नेही. खाजगी बैठकींत चांगलें बोलणारा हा तरुण समितींत गप्प कां बसतो, असें त्यांनीं त्याला विचारलें, आणि थट्टेनें त्याची तुलना पोळ्यांत बसून खाणाऱ्या आळशी नरमाशीशीं केली. थट्टा प्रेमाची होती, आणि ती गांधींना समजलीहि. परंतु तिच्यामुळें त्यांची जीभ मोकळी झाली नाहीं.

पुढें समितीपुढें एक गंभीर प्रश्न आला. डॉ. ॲलिन्सन नांवाचे सभासद संततिनियमनाचा पुरस्कार करीत. मंडळाचे अध्यक्ष व मोठे आश्रयदाते हिल्स यांना तीं मतें अनीतीचीं वाटत, म्हणून ॲलिन्सन यांना मंडळांतून काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. ॲलिन्सन यांचीं मतें गांधींनाहि मान्य नव्हतीं. परंतु मंडळाचा हेतु शाकाहाराचा प्रसार हा होता. नीतीच्या एका विशिष्ट कल्पनेशीं त्याचा संबंध नव्हता. तेव्हां त्या कारणासाठीं कोणाहि शाकाहारी माणसाला बाहेर घालविणें त्यांना अन्यायाचें वाटलें. हा विचार किती स्वच्छ आणि किती महत्त्वाचा होता हें कोणाच्याहि लक्षांत येईल. पण तो मांडावयाचा कसा ? गांधींनीं तो कागदावर लिहून काढला आणि कागद खिशांत घालून सभेला गेले. वाचून दाखविण्याचेंहि धैर्य त्यांना झालें नाहीं; शेवटीं अध्यक्षांनीं तो दुसऱ्याकडून वाचविला. ॲलिन्सन त्या दिवशीं हरले. तोच विचार समितीच्या मागल्या चार बैठकींत तोंडी, प्रश्नोत्तरांसह मांडला गेला असता तर काय झालें असतें, हें सांगतां येणार नाहीं. मात्र एक गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. प्रस्तावाच्या बाजूचे असूनहि अध्यक्षांनीं विरुद्ध मताचा कागद वाचून घेतला, म्हणूनच तें मत सभेपर्यंत पोहोंचलें आणि आज ठाऊक आहे.

यानंतरच्या हकीकती अशाच आहेत. व्हेंटनर येथील सभेंत लिहून नेलेलें फुलस्केप कागदाच्या एका पानाचें भाषण वाचण्यास गांधी उभे राहिले, तों डोळ्यांपुढें अंधारी आली, हातपाय कांपूं लागले, आणि तें पान बरोबरच्या मजमुदार यांना वाचावें लागलें. १८९१ सालीं लंडन सोडतांना त्यांनीं स्नेह्यांना मेजवानी दिली. तेथें तयार करून नेलेल्या भाषणाचें पहिलें वाक्य म्हटल्यावर पुढचें आठवेना, तेव्हां आभार मानून ते खालीं बसले. मुंबईस लघुवाद न्यायालयांत पहिलाच खटला चालविण्यास ते उभे राहिले, पण साक्षीदाराला विचारण्यास एकहि प्रश्न सुचेना. खटला दुसऱ्या वकिलाकडे सोंपवून ते बाहेर पडले. एवढ्यावर कोणीहि निर्णय दिला असता कीं, हा माणूस सार्वजनिक कार्याच्या उपयोगाचा नाहीं.

आणि मग १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया शहरीं त्याच माणसानें तेथील हिंदी व्यापाऱ्यांची सभा बोलाविली आणि तींत भाषण केलें. आपल्या आयुष्यांतलें पहिलें जाहीर भाषण म्हणून त्यांनीं त्याचाच उल्लेख केला आहे. दोनच वर्षांत स्वभाव पालटला होता काय ? तसें म्हणण्यास आधार नाहीं. पालटली होती ती सभा. ती कोणा भव्य सभागृहांत नसून एका मेमण व्यापाऱ्याच्या घरीं भरली होती. श्रोते परके नव्हते; परदेशांत एकच अपमान सोसणारे ते सर्व हिंदी लोक होते. विषय होता व्यापारांतील सचोटी, आणि त्यावर गांधींनीं आधीं पुरता विचार केलेला होता. मुख्य म्हणजे तेथें बोलणें ही वक्तृत्वाची परीक्षा नव्हती; त्या लोकांच्या अडचणी दूर व्हाव्या अशी तळमळ होती, आणि त्या कामासाठीं लागेल तेवढा वेळ देण्याची तयारीहि गांधींनीं तेथेंच दर्शविली. अशा सभा वरचेवर भराव्या असेंहि ठरलें, आणि त्या पुष्कळशा नियमितपणें भरूं लागल्या. इंग्रजी येत नसल्यामुळें अडणाऱ्या लोकांना ती भाषा शिकविण्याचें गांधींनीं अंगावर घेतलें, आणि एक न्हावी, एक कारकून व एक लहानसा दुकानदार असे तीन विद्यार्थी पुढें आले. थोड्याच काळांत प्रिटोरियांतला एकहि हिंदी माणूस त्यांच्या अपरिचयाचा राहिला नाहीं. लंडनमध्यें जो समितींतला मुका सभासद होता, तो येथें इतरांना बोलतें करणारा झाला.

गोष्ट येथेंच संपती तर तिचें तात्पर्य ‘सवयीनें भीड मोडते’ एवढेंच निघालें असतें. परंतु १८९६ सालीं गांधी हिंदुस्थानांत आले असतां सप्टेंबर महिन्यांत मुंबईस त्यांची मोठी सभा झाली. दक्षिण आफ्रिकेंतील अन्यायांची त्यांच्याइतकी माहिती त्या सभागृहांत कोणालाच नव्हती. सर फेरोजशहा मेहता यांच्या आग्रहावरून त्यांनीं भाषण लिहून आणि छापूनहि घेतलें होतें, हीच त्यांची नशीबाची गोष्ट. सभागृह खच्चून भरलेलें पाहतांच त्यांचें अंग कांपूं लागलें. मेहता यांनीं मोठ्यानें बोलण्याविषयीं धीर दिला, तों आवाज उलट अधिकच खोल गेला. स्नेही केशवराव देशपांडे यांनीं कागद हातीं घेतला. पण श्रोत्यांनीं दिनशा वाच्छा यांच्या नांवाचा घोष केला, आणि अखेर वाच्छा यांनीं तें भाषण वाचून दाखविलें. सभा एकदम शांत झाली, आणि भाषणाचा परिणामहि उत्तम झाला. माणूस तोच, विषय तोच, तीन वर्षांचा अनुभवहि जमेला; केवळ जागा आणि गर्दी पालटतांच जुनें मौन परत आलें. भीड ही माणसाच्या अंगांत असते हें खरें; पण ती जागी करावयाची कीं निजवावयाची, हें सभेच्या हातीं असतें.

मानसशास्त्राच्या एका प्रसिद्ध प्रयोगानें या म्हणण्याला चांगलाच दुजोरा दिला आहे. सॉलोमन ॲश यांनीं अमेरिकेंत १९५१ च्या सुमारास विद्यार्थ्यांच्या लहान गटांपुढें एक रेघ ठेवली, आणि दुसऱ्या तीन रेघांपैकीं तिच्याएवढी कोणती तें एकेकानें मोठ्यानें सांगावें असें म्हटलें. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतें. परंतु एकटा सोडून बाकी सर्वांना मुद्दाम चुकीचें उत्तर देण्यास आधींच शिकविलेलें होतें. अशा वेळीं त्या एकट्या विद्यार्थ्याचीं सुमारें एकतृतीयांश उत्तरें बहुमताच्या बाजूनें, म्हणजे चुकीचीं, आलीं. मग गटांत खरें उत्तर देणारा फक्त एक सोबती ठेवतांच हें प्रमाण पूर्वीच्या चौथ्या हिश्श्यावर आलें. बहुमताचा दबाव मोडण्यास दुसरें बहुमत लागत नाहीं. एक सोबत पुरते. सभेंत गप्प बसणाऱ्या अनेकांना धैर्य नको असतें. हवा असतो तो हा सोबती.

घरगुती सोबतीचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. रमाबाई रानडे यांना अक्षरओळख झाली ती विवाहानंतर, पति महादेव गोविंद रानडे यांनीं शिकविलें तेव्हां. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची नापसंति त्यांना रोज सोसावी लागे. नाशिक येथें एका शालेय समारंभांत त्यांना प्रथम जाहीर बोलावें लागलें, तेव्हां तें भाषण न्यायमूर्तींनींच लिहून दिलें होतें. उसन्या शब्दांनीं झालेली ही सुरुवात कोणाला उणेपणाची वाटेल. पण चालावयास शिकणाऱ्या मुलानें भिंत धरली म्हणून त्याचें चालणें खोटें ठरत नाहीं. पुढें पुण्याच्या सेवासदनाची धुरा ज्यांनीं वाहिली, शेंकडो स्त्रियांना शिक्षणाची आणि कामाची वाट दाखविली, आणि १९१० सालीं आपल्या आठवणी स्वतःच्या शब्दांत लिहिल्या, त्या याच रमाबाई होत. पहिलें वाक्य दुसऱ्याचें असलें तरी चालतें. दुसरें आपलें निघावें एवढीच काळजी घ्यावयाची असते.

एकेका व्यक्तीची गोष्ट झाली. शेंकडों लोकांना एकाच वेळीं बोलतें करतां येतें काय, हें पाहण्याचा प्रयत्न रेडिओनेंच केला आहे. १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत ‘रेडिओ शेतकरी मंडळां’चा प्रयोग केला. प्रत्येक मंडळांत वीसेक गांवकरी असत. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्ध्या तासाचा कार्यक्रम त्यांनीं एकत्र बसून ऐकावयाचा, आणि तो संपतांच त्याच विषयावर आपसांत बोलावयाचें. एक चिटणीस चर्चेची नोंद करी; सभासदांचे प्रश्न आणि आक्षेप टिपून पुण्यास पाठवी; आणि पुढील कार्यक्रमांतून त्यांना उत्तरें मिळत. आपण आपल्या गांवच्या चावडींत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुण्याहून येतें, हा अनुभव न बोलणाऱ्या माणसाला किती मोठा वाटला असेल ! मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली. जेथें मंडळ होतें अशीं खेडीं, जेथें रेडिओ होता पण मंडळ नव्हतें अशीं खेडीं, आणि जेथें रेडिओच नव्हता अशीं खेडीं यांची तुलना करण्यांत आली. मंडळें असलेल्या खेड्यांतील लोकांच्या माहितींत ठळक वाढ दिसली. नुसता रेडिओ असलेल्या खेड्यांत ती फारच थोडी होती. ध्वनि तोच, शब्द तेच. फरक होता तो ऐकल्यानंतरच्या बोलण्याचा. न बोलणारा सभासद निदान ऐकून तरी शहाणा होतो, हा समज या पाहणीपुढें टिकत नाहीं.

या सर्व उदाहरणांतून सभा चालविणाऱ्यांना घेण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्यांतलें कांहींहि खर्चाचें नाहीं. विषय सभेच्या आठ दिवस आधीं, तोहि एका साध्या प्रश्नाच्या रूपानें कळवावा. ‘टाकीच्या दुरुस्तीबाबत विचार’ असें लिहिलें तर कोणीच विचार करीत नाहीं. ‘टाकी दुरुस्त करावी कीं नवी बांधावी?’ असें विचारलें तर घरोघरीं जेवतांना त्यावर बोलणें होतें, आणि भिडस्त सभासद वाक्य जुळवूनच येतो. ज्याला उभें राहून बोलणें जड जातें त्याची चिठ्ठी स्वीकारावी, आणि ती इतर भाषणांइतक्याच आदरानें वाचावी. सभा मोठी असेल तर प्रश्न मांडल्यावर पांच मिनिटें तिघातिघांनीं शेजारींच आपसांत बोलावें, आणि मग प्रत्येक तिघांतर्फे एकानें सांगावें. यामुळें मोठ्या सभागृहांत क्षणभर प्रिटोरियांतली घरगुती बैठक उभी राहते, आणि प्रत्येकाला सोबती आपोआप मिळतो.

अध्यक्षाचें काम याहून नाजूक आहे. त्यानें आपलें मत शेवटीं द्यावें. अनेक देशांच्या लष्करी न्यायालयांत मतें घेतांना सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्यापासून आरंभ करण्याचा दंडक आहे. कारण वरिष्ठ एकदां बोलला कीं कनिष्ठाचें मत उरत नाहीं, त्याचा होकार तेवढा उरतो. सासू, मुख्याध्यापक किंवा संस्थापक ज्या सभेंत पहिलें वाक्य बोलतात, तेथेंहि हेंच घडतें. प्रश्न विचारल्यावर जी शांतता पसरते ती अध्यक्षाला बोचते, आणि तो दोन पळांत ‘मग सर्वांची संमति आहे’ म्हणून मोकळा होतो. त्यानें मनांतल्या मनांत सावकाश दहापर्यंत आंकडे मोजावे. भिडस्त माणसाचें वाक्य बहुधा सातव्या-आठव्या आंकड्याला बाहेर येतें. मौन हें संमतीचें लक्षण, हें वचन विवाहाच्या बोलणींत कसेंहि असो, सभेंत तें धोक्याचें आहे. आणि पहिल्यानेंच बोललेल्या माणसाची चूक त्याच क्षणीं सुधारूं नये. त्याचें म्हणणें त्याच्या नांवानिशीं इतिवृत्तांत लिहावें, आणि पुढच्या सभेंत त्याचें काय झालें तें सांगावें. पुण्याहून येणाऱ्या उत्तरांनीं जें साधलें तें यानेंहि साधतें.

मात्र बोलतें करणें आणि बोलावयास लावणें यांत अंतर आहे. ‘आतां अमुक बाई आपले विचार मांडतील’ असें अकस्मात् पुकारून सगळ्यांच्या नजरा एका स्त्रीकडे वळविणें ही मदत नसून शिक्षा आहे. ओल्डफील्ड यांच्यासारख्या सहृदय स्नेह्याच्या थट्टेनेंहि जें साधलें नाहीं, तें भर सभेंतल्या आग्रहानें साधणार नाहीं. प्रत्येकाची पाळी यावी, आणि पाळी पुढें देण्याची मोकळीकहि प्रत्येकाला असावी. कांहीं माणसें स्वभावतःच थोडें बोलणारीं असतात, आणि त्यांच्या थोडक्या बोलण्याला वजन असतें. गांधींनीं स्वतःच पुढें म्हटलें आहे कीं, या संकोचामुळें शब्दांची काटकसर शिकलों, आणि त्याचा मला लाभच झाला. तेव्हां सर्वांना वक्ते बनविणें हें सभेचें काम नव्हे. ज्याच्यापाशीं सांगण्याजोगें आहे त्याला तें वेळेवर सांगतां यावें, एवढीच व्यवस्था तिनें करावयाची आहे.

न बोलणाऱ्याचे गहूहि विकले जात नाहींत, अशा अर्थाची म्हण मराठींत आहे, आणि ती नेहमीं न बोलणाऱ्याला ऐकविली जाते. पण त्यांत नुकसान त्या एकट्याचें होत नाहीं. गहू ज्यांच्या घरीं जावयाचे, ते लोकहि उपाशी राहतात. टाकीचा खर्च वाढेल हें ज्याला ठाऊक होतें तो गप्प बसला, तर वाढलेली वर्गणी सगळ्या इमारतीलाच भरावी लागते. दुपारची वेळ गैरसोयीची आहे हें जी बोलली नाहीं, ती दुसऱ्या महिन्यापासून येतच नाहीं, आणि तिच्याबरोबर आणखी चौघी यावयाच्या थांबतात. संस्था अशाच मोडतात. भांडणानें थोड्या, आणि न झालेल्या बोलण्यानें पुष्कळ. म्हणून पुढच्या सभेनंतर अध्यक्षांनीं मंडळींच्या मागोमाग जिना उतरावा आणि वळणावर कान द्यावा. तेथें जें बोललें जात असेल, तें वरच्या खोलींत कां बोललें गेलें नाहीं, हा प्रश्न त्यांनीं बोलणाऱ्याला विचारूं नये. तो स्वतःला विचारावा.